पुढचा उभा राहीपर्यंत

३ जून

प्रिय मामा,

शाळेत शिकवल्याप्रमाणे 'पत्र लिहिण्यास कारण की' असं लिहायला घेतलं होतं, पण जे कारण आहे ते वाचून तू हसणार. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून पत्र. छापखान्याच्या यंत्राने तुझे कान नेले, त्याची भरपाई आपण अक्षर सुधारून करायची, असं आई म्हणते.

तर, मी क्लबची प्रमुख झाले. म्हणजे झाले नाही, सापडले.

रविवारी सभा होती. तुझ्या वेळची तीच खोली, सायकलच्या दुकानावरची. खाली हवा भरायचं यंत्र सुरू झालं की वर कुणालाच काही ऐकू येत नाही. तुला तिथे अगदी घरच्यासारखं वाटेल. आधीचा प्रमुख तीन वर्षं टेबलामागे उभा होता. आमच्यात सभेत प्रमुखाने बसायचं नसतं, हे तुला मी काय सांगणार. हेडसरांनी (म्हणजे आमचे सल्लागार, शाळेतून निवृत्त झालेत पण हेडसरपणातून नाहीत) विचारलं, "पुढच्या प्रमुखपदासाठी कोण उभं राहतंय?" तेवीस जणांनी एकदम आपापल्या चपला बघायला घेतल्या. तेवढ्यात खालचं यंत्र सुरू झालं आणि मी खिडकी लावायला उठले.

एवढंच केलं मी, मामा. खिडकीपर्यंत पोचायच्या आत टाळ्या सुरू झाल्या. आधीचा प्रमुख मटकन खालीच बसला आणि हसायला लागला. मी म्हटलं, "अहो, मी खिडकी लावायला उठलेय." हेडसर म्हणाले, "नेतृत्व असंच येतं. न बोलावता." लोक हात दाखवून अवलक्षण करून घेतात, मी उभं राहून घेतलं.

आता आमच्याकडे चौदा दारं आहेत. दार म्हणजे एकटं राहणारं म्हातारं माणूस. रोज सकाळी आणि संध्याकाळी प्रत्येक दारावर आमच्यापैकी कुणीतरी जातं. औषध दिलं का, पाणी भरलं का, कुणाचं पत्र वाचायचं आहे का, असं बघतं. दारांची वाटणी प्रमुखाने करायची आणि कुणी आलं नाही तर स्वतः जायचं.

आईला सांगितलं. तिने चष्मा काढून पुसला, परत घातला आणि विचारलं, "किती दिवस?" मी म्हटलं, दुसरं कुणी उभं राहीपर्यंत. मग ती उठून ओटा पुसायला लागली. तिला समाजसेवेचं वावडं आहे का रे? चष्म्याच्या दुकानातून येताना क्लबच्या जिन्यासमोरून रोज जाते, पण एकदाही वर आलेली नाही.

तुझी
खार

---

९ जून

प्रिय खारूताई,

हसलो. शेजारचे बघायला आले काय झालं म्हणून. माझं हसणं मला ऐकू येत नसल्यामुळे ते किती मोठं येतं याचा अंदाज राहत नाही.

अभिनंदन. खिडकी लावायला उठलीस म्हणतेस, पण बाकीच्या बावीस जणांनाही तो आवाज येत होताच की. उठली कोण? हेडसरांशी माझं या एका बाबतीत पटतं, बाकी त्यांचं भाषण आलं की कान गेल्याचं दुःख कमी होतं.

पहिल्या महिन्यात वाटेल की सगळं आपल्यालाच येतं. दुसऱ्या महिन्यात वाटेल की काहीच येत नाही. दोन्ही खरं नसतं. चौदा दारं म्हणजे पुष्कळ झाली, आमच्या वेळी पाच होती.

आईला क्लबबद्दल फार विचारत बसू नकोस. तिचा दिवस उभ्याने जातो, घरी आल्यावर तिला शांतता लागते. वावडं वगैरे काही नाही.

तुझा
मामा

---

१७ जून

प्रिय मामा,

ही गोष्ट अजून घरात कुणाला सांगितलेली नाही, म्हणून तुझ्यावर टाकते आहे.

मला यंत्रशाळेत जागा मिळाली. साचेकामाचा, म्हणजे धातूचे साचे घडवायचा, दोन वर्षांचा कोर्स, राहणं तिथेच. चोवीस जागा असतात, त्यात माझा नंबर एकोणिसावा. परीक्षेला एक लोखंडी तुकडा आणि कानस दिली होती आणि तो चौकोनी करायला सांगितला होता. दोन तास मी दुसरं काही म्हणजे काही ऐकलं नाही, इतकं बरं मला आयुष्यात क्वचित वाटलं आहे. एक ऑगस्टला सकाळी नऊला हजर व्हायचं. नाही झालं तर जागा पंचविसाव्याला जाते.

आणि मी इथे चौदा दारांच्या मध्ये अडकले आहे. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय. चौथ्या मजल्यावरच्या बाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला थेंब घालायचे, थेंब चुकला तर डोळा जाईल असं डॉक्टरांनी तिला आणि तिने मला दहा वेळा सांगितलंय. लंबूला पाठवलं होतं. तुला लंबू माहीत नाही. चौदा वर्षांचा आहे, ताडासारखा वाढलाय आणि स्वतःच्या हातापायांची त्याला अजून ओळख व्हायची आहे. त्याचा हात इतका थरथरला की बाईंनी त्यालाच पाणी दिलं. तेव्हापासून मीच जाते. निवृत्त शिंपीआजोबांकडेही मीच जाते, कारण ते दुसऱ्या कुणाला सुईत दोरा ओवू देत नाहीत. दारांची यादी भिंतीवर लावली आहे, त्यात चौदापैकी नऊ दारांपुढे माझंच नाव आहे.

तिघांना एकेकटं गाठून विचारलं, उभं राहणार का. तिघांचं उत्तर एकच: "तुझ्यासारखं आम्हाला जमणार नाही." हे कौतुक आहे की शिक्षा, मला कळेना. रस्त्यात लोक थांबवून सांगतात, तू आहेस म्हणून बरं. हेडसरांनी 'आदर्श युवा नेतृत्व' बक्षिसासाठी माझा फोटो मागितलाय. मला रात्रंदिवस कुणीतरी दंडाला धरून उभं केल्यासारखं वाटतं.

काय करू?

खार

---

२३ जून

प्रिय खारूताई,

एकोणिसावा नंबर. पत्र घेऊन गल्लीभर फिरलो. किराणावाल्याला दाखवलं, त्याने विचारलं साचेकाम म्हणजे काय, तर त्याला दुकान बंद करेपर्यंत समजावून सांगत होतो. जायचं. यात प्रश्नच नाही.

आता दारांचं. नवीन पोराला मी यंत्रावर उभं करायचो तेव्हा स्वतःचे दोन्ही हात खिशात घालायचो. हात बाहेर असले की ते आपोआप पुढे जातात. पोराचा कागद वाकडा गेला की आपला हात तिथे, शाई जास्त झाली की आपला हात तिथे, आणि महिन्याभराने पोराला एवढंच कळतं की चूक झाली की कुणाचातरी हात येतो. एका पोराने पहिल्या दिवशी दिवसभराचा कागद रद्दीत घातला. मालक माझ्यावर ओरडला, मला ऐकू यायचं तेव्हा. मी हात काढले नाहीत. तोच पोरगा आज तिथला मुख्य मशीनमन आहे आणि मला विचारतसुद्धा नाही.

लंबूला घेऊन जा. पाण्याची बाटली घेऊन आधी उशीवर नेम धरायला लाव. मग बाईंकडे ने आणि तुझे हात खिशात. खिसे नसलेला कपडा घालून जाऊ नकोस.

बाकी उभं राहायला कुणी ना कुणी मिळतंच. काळजी करू नकोस.

तुझा
मामा

---

२ जुलै

प्रिय मामा,

लंबूला जमलं. पहिला थेंब गालावर, दुसरा नाकावर. बाई म्हणाल्या, "अरे राजा, डोळा जरा वर आहे." माझे हात खिशात इतके आवळले होते की आतलं अस्तर फाटलं. तिसरा थेंब बरोबर पडला. आता सकाळ-संध्याकाळ तोच जातो आणि मी एकदा सहज डोकावले तर म्हणाला, "तुझी सावली पडते, बाजूला हो." मला इतका आनंद झाला आणि लगेच थोडं वाईटही वाटलं. नऊ दारांची चार झाली आहेत.

पण उभं राहायला अजूनही कुणी नाही. दार एकेक घ्यायला तयार आहेत, टेबलामागे उभं राहायला नाहीत. सत्तावीस जुलैला सभा आहे, माझ्या जायच्या आधीची शेवटची. हेडसरांना सांगितलं की मला जायचं आहे. ते म्हणाले, "अवश्य जा. पुढचा उभा राहिला की त्या क्षणी तू मोकळी." मी विचारलं, नाही राहिला तर? ते म्हणाले, "नाही राहिला तर तो तुझ्या नेतृत्वाचा दोष."

आता खरी बातमी. कपाट आवरताना क्लबचं पहिलं रजिस्टर सापडलं. पहिल्या पानावर प्रमुख म्हणून तुझं नाव, दोन वर्षं. ते माहीत होतं. दुसऱ्या पानावर आईचं. माहेरच्या आडनावासकट. सहा वर्षं.

सहा वर्षं, मामा, आणि घरात कुणी कधी बोललं नाही. आणि ज्या दिवशी तू सोडलंस आणि आई प्रमुख झाली, त्याच तारखेला तुझ्या अक्षरात नियम लिहिलेला आहे: 'पुढचा उभा राहीपर्यंत आधीच्याने बसायचं नाही.' तुझा तो मागे झुकलेला 'र' मी लगेच ओळखला. म्हणजे तुम्ही भावाबहिणीने मिळून तो नियम केलात. मला फार अभिमान वाटला. एवढ्या अडचणीतही वाटला. हेडसरांना पान दाखवलं तर त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी त्याची मोठी प्रत करून चौकटीत घालून टेबलामागच्या भिंतीवर लावली आहे. आता मी उभी राहते ती बरोबर त्याच्याखाली.

आई एवढी मोठी प्रमुख होती तर ती मला काहीच का शिकवत नाही?

खार

---

८ जुलै

प्रिय खारूताई,

लंबूचं वाचून बरं वाटलं.

चौकट कशाला केली? ते एका दिवसाचं लिहिणं होतं, त्या दिवसापुरतं. नियम जुना झाला असेल तर बदला. माणसांनी केलेले नियम माणसं बदलतात.

रजिस्टर आईला दाखवू नकोस. जुनं उकरून काय मिळतं.

तब्येत जरा बरी नाही, म्हणून थोडक्यात.

मामा

---

१४ जुलै

प्रिय मामा,

तब्येत कशी आहे? शेजारच्यांकडून घरचं जेवण मागवतोस ना, की नुसत्या चहावर आहेस?

तुझं पत्र येण्याआधीच मी आईला रजिस्टर दाखवलं होतं. तिने ते पान बोटाने चाचपून बघितलं आणि म्हणाली, "शाई चांगली होती. अजून उतरली नाही." मग बंद करून माझ्याकडे दिलं आणि भांडी घासायला घेतली. घासलेलीच भांडी होती.

नियम बदलायचं हेडसरांना विचारलं. ते म्हणाले, बक्षिसाच्या अर्जात पहिला मुद्दा तोच घातला आहे, अर्ज पुढे गेला. शिवाय पंचवीस वर्षांत जो कुणी मोडला नाही तो मी मोडला असं माझं नाव व्हावं का, हेही विचारलं. मी नाही म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. तिथे उभं राहिलं की तोंडातून तेच निघतं जे त्यांना हवं असतं.

काल जेवताना सगळं सांगून टाकलं. यंत्रशाळेचं, एक ऑगस्टचं, कुणी उभं राहत नाही याचं. बाबा म्हणाले, "मग जा की, कुणी बांधून ठेवलंय का?" त्यांना हे समजवायला दोन तास लागले असते. आई ताटात बघत होती. आणि बारकी म्हणाली, "मी राहते ना उभी. ताई, तू जा."

बारकी तेरा वर्षांची आहे. नियमाने तेरा चालतात. तिला गेल्या महिन्यात चित्रकलेच्या वर्गात घेतलंय, शनिवार-रविवार दिवसभर असतो. तो सुटेल, असं मी म्हटलं. ती म्हणाली, "चालेल. चित्रं काय, कधीही काढता येतात."

तुला खरं सांगते, कारण दुसऱ्या कुणाला सांगता येणार नाही. मला आधी बरं वाटलं. खूप बरं वाटलं. छातीवरून कुणीतरी उठल्यासारखं. मग मी आईकडे बघितलं. आईचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. रागाचा नव्हता. ती बारकीकडे बघत होती आणि बारकी तिला दिसत नव्हती.

मी विचारलं, "आई, तू का उभी राहिली होतीस?"

ती म्हणाली, "तुझ्या मामाला विचार."

म्हणून विचारते.

खार

---

२१ जुलै

मामा,

आठवडा झाला, तुझं उत्तर नाही. तू कधी एवढा उशीर करत नाहीस. सभा रविवारी आहे. बारकीने सगळ्यांना सांगून टाकलंय की ती उभी राहणार. हेडसरांनी तिच्या पाठीवर हात ठेवून 'घराण्याचा वारसा' असं काहीतरी म्हटलं. ती आरशासमोर ताठ उभं राहायचा सराव करते. मी बॅग काढून ठेवली आहे आणि ती भरत नाही.

ती तयार आहे, मामा. खुशीने तयार आहे. मग मला चोरी केल्यासारखं का वाटतं?

खार

---

२४ जुलै

प्रिय खार,

तीन पत्रं लिहिली आणि फाडली. हे चौथं फाडायला वेळ नाही, रविवारच्या आत पोचायला हवं. तब्येत उत्तम आहे. ते खोटं होतं.

मला इथल्या छापखान्यात काम मिळालं तेव्हा मी वीस वर्षांचा होतो. सोमवारी हजर व्हायचं होतं. रविवारी सभा घेतली आणि विचारलं, कोण उभं राहतंय. सगळ्यांनी चपला बघितल्या. पिढ्या बदलतात, चपला बघणं बदलत नाही. पाच दारं होती. त्यातल्या एका दारात एक आजोबा होते, पाठीला जखमा झालेले, त्यांना दिवसातून तीनदा कुशीवर वळवावं लागायचं. ते सोडून मला जाता येत नव्हतं आणि मला जायचं होतं.

तेव्हा मी तुझ्या आईकडे बघितलं. खोलीत सतरा जण होते, मी दुसऱ्या कुणाकडे बघितलं नाही. ती सोळा वर्षांची होती. नकाशे काढायच्या शाळेचा तिचा अर्ज मंजूर झाला होता, महिन्याभराने जायचं होतं. मला ते माहीत होतं. अर्जावरचा पत्ता माझ्याच अक्षरात होता, कारण आनंदाने तिला एका जागी बसवत नव्हतं. मी बघत राहिलो. ती उभी राहिली.

इथपर्यंत मी स्वतःला माफ करू शकलो असतो. वीस वर्षांचं पोरगं होतं, घाबरलेलं होतं, असं म्हणून. पण पुढचं ऐक. टाळ्या झाल्यावर मला भीती वाटली की ही आठ दिवसांत बसेल. दमेल, रडेल, मला बोलावणं येईल आणि काम जाईल. म्हणून मी रजिस्टर घेतलं आणि तो नियम लिहिला. तिच्यासमोर. शाईची दौत तिने धरली होती. क्लबसाठी म्हणून तो नियम लिहिलाच नाही, खार. तिला बसता येऊ नये म्हणून लिहिला.

तिला सहा वर्षं कुणी मिळालं नाही. नकाशाच्या शाळेने दोनदा पत्र पाठवलं, मग बंद केलं. ती मला दर महिन्याला लिहायची, आजोबांची जखम भरत आली, आजोबा गेले, नवीन दार आलं. एकदाही लिहिलं नाही की ये. मी त्याचा अर्थ असा घेतला की सगळं ठीक आहे. तो अर्थ मला सोयीचा होता. मग तिने लिहायचंच सोडलं, आणि मी तेही सोयीने घेतलं.

तू विचारलंस चोरी केल्यासारखं का वाटतं. तुला वाटतं तरी. मला गाडीत बसल्यावर झोप लागली होती, गाढ.

माफी मागायची तर तिची मागायला हवी, आणि ती तुझ्या हातून पाठवणं म्हणजे पुन्हा दुसऱ्याला उभं करणं. म्हणून मागत नाही. हे वाचलंस की पत्र तिच्या हातात दे. सभेत काय करायचं ते मी सांगणार नाही, सांगायला मला तोंड नाही.

मामा

---

३ ऑगस्ट

दादा,

तुझं पत्र शनिवारी आलं. खारने वाचून मला दुकानात आणून दिलं. मी एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याची काडी बसवत होते. ती बसवली, गिऱ्हाईक गेलं, मग वाचलं. घरी जाऊन परत वाचलं.

रविवारी मी क्लबच्या जिन्यावरून वर गेले. खोली लहान वाटली. खिडकीला आता जाळी आहे. चौकट मोठी केली आहे, तुझा 'र' वीतभर झालाय. आत बसायला जागा नव्हती, म्हणून दारात टेकून उभी राहिले.

हेडसरांनी विचारलं, कोण उभं राहतंय. बारकी पुढच्या बाकावर होती, वेण्या घट्ट घालून आली होती. ती उठायला लागली. खार टेबलामागून पुढे आली, तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली दाबलं आणि तिच्या शेजारी बाकावर बसली.

कुणाला काही कळेना. खालचं यंत्रही तेव्हा नेमकं बंद होतं. हेडसर म्हणाले, "अगं, हे नियमात बसत नाही." ती म्हणाली, "नियमात नाही सर, मी बाकावर बसलेय." एकदोन पोरं हसली. मग ती म्हणाली, "मला गुरुवारी जायचं आहे. माझ्या जागी कुणी नाही, आणि मी कुणाला उभं करणार नाही." हात खिशात होते. बारकी रडत होती, तिला वाटलं ती नापास झाली.

मग हेडसरांनी दाराकडे बघितलं. माझ्याकडे. त्यांना रजिस्टर पाठ आहे. सगळी खोली वळून बघायला लागली, आणि मी तर उभीच होते. तू बघितलं होतंस ना, तसंच बघत होते ते. सगळं तेच होतं, दादा. आणखी दोन क्षण गेले असते तर मी हो म्हटलं असतं, या वयात, एवढं सगळं वाचून झाल्यावर. मग मी पटकन दोन पोरांना सरकायला लावलं आणि शेवटच्या बाकावर बसले.

कुणीही उभं नव्हतं. हेडसरही शेवटी बसले, त्यांचे गुडघे दुखतात. शेवटी तो उंच पोरगा बसल्या बसल्या म्हणाला, "बाईंचे डोळ्याचे थेंब मी घालतोच आहे, ते घालीन. प्रमुख होणार नाही." मग आणखी एकाने दोन दारं घेतली. एकीने फक्त मंगळवार घेतला. हे तुला मोठं वाटेल असं सांगत नाही. चौदापैकी तीन दारं कुणीच घेतली नाहीत. सोमवारी शिंपीआजोबा दार उघडं टाकून दुपारपर्यंत वाट बघत बसले आणि मग जिन्यात उभं राहून सगळ्या इमारतीला शिव्या दिल्या. मला त्या दुकानात ऐकू आल्या. मी गेले नाही. सोपं नव्हतं. बुधवारी कुणीतरी गेलं, कोण ते मी विचारलं नाही. पुढच्या महिन्यात क्लब असेल की नाही हे मला माहीत नाही. बक्षिसाचा अर्ज हेडसरांनी मागे घेतला. चौकट अजून भिंतीवर आहे, ती काढायला कुणी उठत नाही.

खार गेली. बॅग मी भरली. बारकी तिच्याशी दोन दिवस बोलली नाही, शनिवारी मात्र चित्रांच्या वर्गाला गेली.

आता माझं. मी सहा वर्षं असं समजत होते की मी बसले तर कुणीतरी मरेल. खरंच असं समजत होते. दारावर थाप मारायच्या आधी रोज कान लावून आतला खोकला ऐकायचे. मला तेव्हा कुणीतरी एवढंच सांगायला हवं होतं की बसता येतं. तुला ते माहीत होतं. तू ते माहीत असल्यामुळेच नियम लिहिलास. तुझ्या पत्रात 'तिला बसता येऊ नये म्हणून लिहिला' हे एकच वाक्य मला नवीन होतं, बाकी सगळं मी त्या दिवशीच ओळखलं होतं, दौत धरली होती तेव्हाच.

मला राग आहे. तो एका पत्रात संपणारा नाही, आणि तुझे कान गेले म्हणून मी तो कमी करणार नाही.

माफी मागितली नाहीस ते बरं केलंस. मागितली असतीस तर मला द्यावी लागली असती, आणि तेवीस जण बघत असल्यासारखी मी ती देऊन टाकली असती.

यापुढे पत्र मला लिही, पोरींना नको. मी उत्तर देईनच असं नाही.

धाकटी